खोक्यावरच्या नावाला भुलू नकोस

मनू, गच्चीवरची फ्री डिश थेट कॉम्प्युटरला जोडायचं तू मनावर घेतलंयस, असं आई म्हणाली. जरूर कर गं. फक्त ऑर्डर टाकण्याआधी माझं ऐक, कारण यात पैसे बुडतात ते विकत घेतानाच.

ऑनलाइन ती स्वस्तातली आरटीएल२८३२यू चिपची टीव्ही स्टिक दिसेल, ती तुझ्या कामाची नाही. तुझ्या लिनक्सवर ती छान चालते, ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. पण ती डीव्हीबी-टीची, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या प्रक्षेपणाची. (आता ती खपते ती बहुतेक हौशी रेडिओवाल्यांमुळे.) आपली डिश बघते ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ कडे. तुला डीव्हीबी-एस२ कार्ड लागेल, त्यात जुनं डीव्हीबी-एसही चालतं.

आता कुठलं कार्ड? खरी मेख इथेच आहे. कंपन्या नाव तेच ठेवतात आणि आतल्या चिप्स गुपचूप बदलतात. कार्डावर लहरी पकडणारा ट्यूनर असतो, त्यातून डेटा सोडवणारा डीमॉड्युलेटर असतो आणि तो कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारा ब्रिज असतो. प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. एकाचा जरी नसला, तरी कार्ड यादीत दिसतं आणि चॅनेल मात्र एकही लागत नाही. म्हणून विकणाऱ्याकडून आवृत्ती विचारून घे, जमलं तर एलएसपीसीआय कमांडमध्ये दिसणारा आयडीही. खोक्यावर ‘लिनक्स सपोर्ट’ छापलंय यावर मी तरी विसंबत नाही. काहींचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा असतो, मग दर अपडेटनंतर बस कंपाइल करत! कर्नलमध्येच ड्रायव्हर असलेलं कार्ड चार वर्षं जुनं असलं तरी तेच घे.

कार्ड बसवलंस की चॅनेल स्कॅनच्या मागे धावू नकोस, आधी डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, वाच. फर्मवेअर सापडलं नाही अशी ओळ असेल, तर त्यातच फाइलचं नावही असतं. गंमत बघ, ड्रायव्हर ओपन सोर्स, पण फर्मवेअर बहुधा कंपनीचं, बंद. ती फाइल मिळवून फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये ठेवायची. मग डेव्हखाली डीव्हीबीमध्ये अडॅप्टर० उगवलं की निम्मं काम झालं. तुझा युजर व्हिडिओ ग्रुपमध्ये आहे ना, तेवढं बघ.

स्कॅन करताना डिशवरच्या एलएनबीचा प्रकार सांगायला विसरू नकोस, नाहीतर डिश नीट लागलेली असूनही हाती काही येत नाही. एलएनबीला वीज कार्डच पुरवतं: उभ्या पोलरायझेशनला १३ व्होल्ट, आडव्याला १८. अर्धेच चॅनेल सापडले तर आधी या व्होल्टेजचाच संशय घे. कार्डाला पॉवर सप्लायची वेगळी वायर असेल तर ती खोचलीस का, तेही पाहा. आणि केबल लावताना-काढताना कॉम्प्युटर बंद ठेव, त्या व्होल्टेजचं शॉर्ट झालं तर कार्ड जाऊ शकतं.

सिग्नलचे आकडे बघून जिवाला घोर लावून घेऊ नकोस. प्रत्येक ड्रायव्हर ते आपापल्या पद्धतीने मोजतो. लॉक मिळाला का, एवढंच बघायचं. लॉक असूनही एखादा एमपेग-४ चॅनेल काळाच राहिला, तर तो अधिकृत बॉक्सशिवाय न उघडणाऱ्यांपैकी असू शकतो, त्यासाठी ड्रायव्हर उपसत बसू नकोस.

अडलीस तर रात्री फोन कर. पण आधी डीमेसेजचा मजकूर कॉपी करून पाठव, सगळाच्या सगळा. मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरका फोटो मुळीच नको.