काटा खोटं बोलतो तेव्हा: इंजिन बदललेल्या जुन्या गाडीतल्या टेंपरेचर सेन्सरची तपासणी



गॅरेज टाकायचं ठरवलेल्या किंवा नुकतंच टाकलेल्या मित्रांसाठी आजचा धडा आहे. व्हिडिओत मल्टिमीटर कसा लावायचा ते बघितलंत. इथे तेच क्रमाने लिहून देतोय, म्हणजे काम करताना मोबाईल शेजारी ठेवून वाचता येईल.

आधी एक खरा हिशोब सांगतो. आपल्या एका जुन्या बॅचमधला मित्र, छोटंसं गॅरेज, हात चांगला. त्याच्याकडे एक जुनी जीप आली. इंजिन बदललेलं, डॅशबोर्डवर बाहेरून घेतलेलं टेंपरेचर मीटर. गिऱ्हाइकाची तक्रार एकच: "काटा वर चढतच नाही." आपल्या मित्राने विचार केला, थर्मोस्टॅट उघडा अडकला असणार. नवीन टाकला. काटा तिथेच. मग सेन्सर बदलला. काटा जरा थरथरला आणि परत खाली. शेवटी तो म्हणाला, "इंजिन थंड चालतंय, घाबरू नका, चालवा."

आठ दिवसांनी घाट चढताना गाडी बंद पडली. होज पाइपच्या क्लिपमधून कूलंट गळून गेलं होतं, इंजिन तापून हेड गॅस्केट उडाली, आणि काटा शेवटपर्यंत "थंड" दाखवत होता. मित्राने शब्द पाळला, काम स्वतःच्या खिशातून केलं. आधी मिळाले होते २,५०० रुपये. हेड फेसिंग, गॅस्केट, कूलंट आणि दोन दिवसांची मजुरी मिळून गेले ११,००० रुपये. म्हणजे ८,५०० रुपये घरचे घालून त्याने हा धडा विकत घेतला. तुम्हाला तो फुकट मिळतोय, तेव्हा नीट वाचा.

आधी समजून घ्या: मीटर आणि इंजिन ही दोन वेगळी माणसं आहेत

इंजिन बदललेल्या गाडीत बहुतेक वेळा दोन सेन्सर असतात. एक एका वायरचा, तो फक्त डॅशबोर्डचा काटा हलवतो. त्याची अर्थिंग त्याच्या आट्यांमधून इंजिनला मिळते. दुसरा दोन वायरचा, तो ईसीयूला तापमान सांगतो. पहिला बिघडला तर काटा चुकतो. दुसरा बिघडला तर सकाळी स्टार्टिंगचा त्रास, जास्त पेट्रोल, फॅन वेळेवर न लागणं अशी लक्षणं दिसतात. गिऱ्हाईक "सेन्सर खराब आहे" म्हणालं, की पहिला प्रश्न विचारा: कुठला?

दोन्ही सेन्सर साधारण एकाच तत्त्वावर चालतात. तापमान वाढलं की त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो. म्हणून वायर तुटली किंवा अर्थिंग सैल झाली की मीटरला वाटतं, इंजिन थंड आहे. आणि वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर काटा सरळ लाल पट्टीवर जातो.

पायरी १: खरं तापमान मोजा

काट्याशी भांडण्याआधी इंजिन खरंच किती गरम आहे ते बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर धरा. एक गोष्ट लक्षात ठेवा: चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ही गन कमी तापमान दाखवते. तिथे काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट ८२ किंवा ८८ अंशांना उघडायला लागतो. वरचा होज पाइप आधी गार राहून मग एकदम गरम झाला, तर थर्मोस्टॅट आपलं काम करतोय.

इथेच कूलंटची पातळी बघा, पण इंजिन पूर्ण गार असताना. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाही. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की ते क्षणात वाफ होऊन अंगावर येतं.

आणि हवा अडकली असेल तर? सेन्सरचं टोक पाण्यात न राहता हवेत राहतं. मग इंजिन तापतंय आणि काटा खाली, असं होऊ शकतं. इंजिन बदलताना पाइपांची उंची बदललेली असते, त्यामुळे हा प्रकार अशा गाड्यांत जास्त दिसतो.

पायरी २: वायर काढून बघा

इग्निशन चालू करा. मीटरच्या सेन्सरची एकच वायर काढा. बहुतेक मीटरांत काटा पूर्ण खाली यायला हवा. आता ती वायर क्षणभर इंजिनच्या धातूला टेकवा. काटा वर जायला हवा. वर जाताच वायर लगेच काढा. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेन्सर किंवा अर्थिंगमध्ये. नाही झालं तर वायर आणि मीटरचा सप्लाय तपासा.

पायरी ३: अर्थिंग, म्हणजे खरा गुन्हेगार

वायर परत जोडा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब सेन्सरच्या धातूच्या अंगावर. इंजिन चालू, हेडलाइट चालू. रीडिंग ०.१ व्होल्टच्या आत हवं. हेडलाइट लावताना काटा हलला, तरी संशय अर्थिंगवरच.

आपल्या मित्राच्या जीपमध्ये काय होतं? बाहेरून घेतलेल्या मीटरचा सेन्सर अ‍ॅल्युमिनियमच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये, आणि तो अ‍ॅडॅप्टर रबरी होज पाइपच्या मधोमध. दोन्ही बाजूंना रबर! अर्थिंग मिळणार कुठून? कूलंटमधून जो थोडाफार करंट जायचा, त्यावर काटा थरथरत होता. अ‍ॅडॅप्टरच्या स्क्रूला एक वायर जोडून इंजिनला दिली असती, तर काम वीस मिनिटांत संपलं असतं. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली असेल, तर तीही अर्थिंग बिघडवू शकते.

पायरी ४: सेन्सर मोजा

ईसीयूचा दोन वायरचा सेन्सर असेल, तर प्लग काढून ओहम मोजा. खूप वापरात असलेल्या प्रकारात २० अंशांना सुमारे २,५०० ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम मिळतात. स्कॅनर लागत असेल तर रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी बघा: कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेच्या जवळपास दिसायला हवं. उणे ४० दाखवलं, तर वायर तुटलेली किंवा प्लग सैल.

शंका राहिली तर सेन्सर काढून पातेल्यातल्या पाण्यात, थर्मामीटर शेजारी ठेवून तापवा. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला त्याहून कमी. म्हणून उकळी म्हणजे १०० असं गृहीत धरू नका.

पायरी ५: जोडी जमते का?

नवीन इंजिनचा सेन्सर आणि जुन्या डॅशबोर्डचं मीटर हे दोघं एकमेकांसाठी बनलेले नसतात. दोन्ही चांगले असूनही रीडिंग चुकू शकतं. अशा वेळी मीटर ज्याचं आहे, त्याचाच सेन्सर बसवा.

आता धंद्याची गोष्ट

१. तपासणीची फी आधी सांगा आणि घ्या. पार्ट बदलण्याचे पैसे मिळतात आणि विचार करण्याचे मिळत नाहीत, म्हणूनच आपण अंदाजाने पार्ट बदलत सुटतो.

२. जॉब कार्डवर आकडे लिहा: गनचं तापमान, व्होल्ट, ओहम. उद्या वाद झाला तर तोंडी बोलणं टिकत नाही.

३. काम घेण्याआधी आरसी बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. बदललेल्या इंजिनाची नोंद नसेल, तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा.

४. खात्री नसेल तर "चालवा, काही होत नाही" हे वाक्य तोंडातून काढू नका. "कारण सापडेपर्यंत घाटात नेऊ नका" असं म्हणा. गिऱ्हाईक थोडं नाराज होईल, पण परत येईल.

आपला तो मित्र आज काय करतो माहितीये? त्याच्या टेबलावर मल्टिमीटर गल्ल्याच्या शेजारी असतो. आणि ज्या जीपवाल्याचं इंजिन त्याने पदरमोड करून उभं केलं, तो माणूस आजही गाडी त्याच्याकडेच आणतो.

या आठवड्याचा गृहपाठ: स्वतःच्या किंवा ओळखीच्या कुठल्याही गाडीवर पायरी १ आणि ३ करून बघा. आकडे वहीत लिहा. चांगल्या गाडीचे आकडे माहीत असतील, तरच बिघडलेली गाडी ओळखता येते.

भेटूया पुढच्या धड्यात. मोजा, लिहा, मगच पान्याला हात लावा!