दोरा, सुई आणि भीती

निपाणी

चि. महेश,

वहिनींचा फोन आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. गळू फुटून इतके दिवस झाले तरी कपड्याला पू लागतोय, तू मूळव्याधीचं मलम लावून मागावर उभा राहतोस, आणि आता 'एका सुईत बरं' करणाऱ्याकडे निघालायस म्हणे. अरे, ही मूळव्याध नसावी. मूळव्याधीत शिरा फुगतात, रक्त जातं. गुदाच्या आतल्या ग्रंथीत पू होऊन तो कातडीपर्यंत वाट काढतो आणि ती वाट बुजत नाही, तेव्हा त्याला भगंदर म्हणतात. वरचं तोंड मिटतं, आत पू साठतो, पुन्हा ठणका, पुन्हा फुटणं. आतलं तोंड उघडं असेतोवर मलम काय करणार? आणि सुईतलं औषध भलत्या जागी गेलं तर मांस सडतं. त्या माणसाकडे जाऊ नकोस.

ऑपरेशननं संडासवरचा ताबा जातो, ही भीती तुला कुणीतरी घातलीय. ती अगदीच खोटी नाही, पण अर्धवट आहे. वाट ताबा ठेवणारा किती स्नायू ओलांडून जाते, यावर सगळं ठरतं. खालून जात असेल तर ती उघडी करतात. ताब्याला सहसा धक्का लागत नाही. वरून जात असेल तर सर्जन सरळ कापत नाहीत, दोरा घालून पू निचरू देतात किंवा स्नायूंच्या मधल्या फटीत वाट बांधून टाकतात. म्हणून आधी तपासणी, गरज पडली तर एमआरआय. पूसुद्धा तपासायला सांग. मुळाशी क्षय असला तर त्याचं औषध वेगळं.

चिरफाड नकोच म्हणशील तर क्षारसूत्र, म्हणजे औषधी दोरा, आहे. सुश्रुताच्या काळचा हा उपाय बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी १९६० च्या दशकात पुन्हा रुळवला. सूत तुझ्या रोजच्या हातातलं! दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे २१ लेप चढवतात, दर आठवड्याला तो बदलतात; वाट हळूहळू कापली जाते आणि मागून जखम भरत येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९९१ मध्ये छापलेल्या चाचणीत ऑपरेशनची जखम ४ आठवड्यांत भरली, क्षारसूत्राला ८ लागले; पण वर्षभरात आजार उलटला तो ऑपरेशननंतर ११ टक्के लोकांत, क्षारसूत्रानंतर ४ टक्के. दोरा बदलताना झोंबतं, ते लपवत नाही. पण माणूस हिंडता-फिरता राहतो, मागाचे खाडेही फार पडत नाहीत. बेळगावच्या शहापुरातलं केएलईचं आयुर्वेद महाविद्यालय तुझ्या खासबागेपासून असं कितीसं लांब?

फार बोलले. तिथलं दुखणं दाखवायची लाज वाटते, कळतं रे मला. त्यापायीच तू एकट्यानं सोसतोयस, आणि माझा जीव तुटतो तो याच्यासाठी. कोमट पाण्यात बसत जा, पोट साफ ठेव. बुधवारी सकाळच्या गाडीनं येते, मिळून जाऊ. मी बाहेर बाकावर बसेन, आत येणार नाही. वहिनींना सांग, माझ्यासाठी वेगळं काही करू नका.

तुझी आत्या