हप्ता थकलाय, अब्रू गहाण नाही

22 जुलै 2021 ला जगबुडी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानांचं काय झालं, हे खेडकरांना मी सांगायला नको. गाळ उपसून पुन्हा माल भरला तो एका फायनान्स कंपनीच्या कर्जावर. पुढे ह्यांच्या आजारपणात हप्ते थकले. थकले ते थकले, लपवलं नाही. निम्मा हप्ता घ्या, मुदत वाढवा, असं पत्र मी आपणहून दिलं होतं. पत्राला उत्तर आलं नाही, वसुलीची पोरं आली.

आधी फोन. रात्री दहालासुद्धा. मग विरारला नणंदेकडे: "तुमची वहिनी पळाली काय?" नणंद जामीनदार नाही, अर्जात ओळखीची म्हणून तिचा नंबर होता, एवढंच. (जामीनदार कायद्याने कर्जदाराइतकाच बांधलेला असतो, त्याला अंधारात ठेवू नका.)

आणि मग शिमगा. पालखी खळ्यात आलेली, मुंबईचे चाकरमानी जमलेले, मी ओटी भरायला उभी. तेवढ्यात दोघे मोटारसायकलवरून आले. "देवाला द्यायला आहे, आम्हाला नाही?" अख्ख्या वाडीसमोर! ह्यांच्या हातात एक कागद कोंबला. वर तराजूचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'अटक वॉरंट'. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

कागद घेऊन कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे गेले. तिथल्या वकीलबाईंनी तो उलटसुलट पाहिला. केस नंबर कुठाय? कोर्टाचं नाव? शिक्का? "अहो, हे वॉरंट नाही. कंपनीच्या प्रिंटरवर छापलंय." नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस अटक करत नाहीत, ती दिवाणी बाब आहे. सुटल्यासारखं वाटायच्या आधी मला संताप आला. त्या पोराला हे ठाऊक होतं. ठाऊक असून तो आजारी माणसाच्या हातात ते देऊन गेला.

चेक परत गेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. कलम 138 ची नोटीस किंवा खरं समन्स आलं तर दुर्लक्ष नको. पतसंस्थेचं कर्ज असेल आणि सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला निघाला असेल, तर तोही खराच. जप्ती होऊ शकते.

रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय: वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाइकांना त्रास नाही. बचत गटाच्या बायकांनी घेतलेल्या मायक्रोफायनान्सला वेळ आणखी कमी, नऊ ते सहा. गाडी गुंडांकरवी उचलून नेण्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच प्रकाश कौर खटल्यात ताशेरे ओढलेत. नियम आहेत हो, पण आपण म्हणून दाखवेपर्यंत ते कोणाला आठवत नाहीत.

म्हणून आलेल्या माणसाचं ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र आधी मागा, फोटो काढा. माझ्याकडे आले त्यांच्याकडे दोन्ही नव्हतं. फोन रेकॉर्ड करा. रोख एक रुपया हातात देऊ नका. शांत राहा, असं सगळे सांगतात. मला जमलं नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. धमकी दिली तर पोलिसांत तक्रार, आता न्याय संहितेचं कलम 351. वकिलाच्या खर्चाला घाबरू नका: बायकांना विधी सेवा मोफत मिळते, उत्पन्न कितीही असो. पूरग्रस्तांचं नावही विधी सेवा कायद्यात आहे. खेडात हे किती जणांना माहीत आहे?

लोकपालाचं नाव काढल्यावर कंपनीच्या साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, बसून मिटवू." तडजोड केलीत तर रक्कम आणि तारीख कंपनीच्या पत्रावर घ्या, आणि पैसे भरल्यावर नाहरकत दाखला. सिबिलमध्ये 'सेटल्ड' अशी नोंद पडली तर पुढचं कर्ज अडतं, हे आम्हाला त्या मऊ आवाजात कोणी सांगितलं नाही.