मॉडेल पारखावे वैशाखात

बडोद्याच्या वैशाखात ऊन रग्गड असते आणि जांबुघोड्याचा साग बोडका. प्रकाशसंश्लेषणाचे जागतिक मॉडेल तपासायला याहून चांगला मुहूर्त नाही. पृथ्वीवरची सगळी हिरवळ मिळून वर्षाला किती कार्बन ओढून घेते, याचा आकडा बरीच वर्षे १२० अब्ज टनांच्या आसपास सांगत. २०२४मधल्या एका अभ्यासाने तो १५७वर नेला. वर्तमानाचाच हिशेब इतका हलत असेल, तर तापत्या हवेत पुढे काय होईल हे सांगणाऱ्या मॉडेलला आधी आपल्या ओळखीच्या शिवारात उभे करून पाहावे.

साहित्य फारसे नाही. इंटरनेट असलेला संगणक, स्प्रेडशीट, रोजच्या तापमानाच्या आणि पावसाच्या नोंदी, एक वही.

जागा निवडण्यात घाई करू नये. तीन घ्याव्यात: जांबुघोडा अभयारण्यातला सागाचा पट्टा, डभोई किंवा कर्जणकडचे कोरडवाहू कपाशीचे रान आणि नर्मदा कालव्याच्या पाण्यावरचे रब्बी गव्हाचे शिवार. बडोद्यातल्या कमाटीबागेचा मोह होईल. घरचे मैदान, शिवाय वडाच्या नावाच्या गावात वड सोडून कसे चालेल? पण ११३ एकरांची ही बाग उपग्रहाच्या ५०० मीटरच्या जेमतेम दोन चौकोनांत मावते आणि शेजारची इमारतींची दाटी त्यांत मिसळते. शहर म्हणून नोंदलेल्या चौकोनाला तर मोडिस उपग्रह-उपकरणाचा तक्ता प्रकाशसंश्लेषणाचा आकडाच देत नाही, ३२७६२ हा संकेतांक देतो. नवखा माणूस तो खरा आकडा समजून सरासरीत घालतो आणि शहरातल्या अलकापुरीत ॲमेझॉनपेक्षा घनदाट जंगल उगवते. म्हणून तक्ता उतरवून घेतला की ३००००च्या वरचे सगळे आधी काढून टाकावे. उरलेल्या आकड्यांना ०.०००१ने गुणावे, म्हणजे आठ दिवसांत दर चौरस मीटरला किती किलो कार्बन ओढला ते मिळते. ४०० असेल तर ४० ग्रॅम, म्हणजे दिवसाला ५. वर्षाचा शेवटचा हप्ता मात्र पाच-सहा दिवसांचाच असतो, तिथे आठाने भागू नये.

आता मॉडेलच्या पोटात काय आहे ते वाचावे. ही पायरी लोक गाळतात आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. मोडिसचे मॉडेल माँटीथ यांच्या १९७२च्या कल्पनेवर उभे आहे: पानांनी जितका प्रकाश शोषला तितके अन्न. मग थंडी किंवा कोरडी हवा असेल तर त्यात कपात. मातीतला ओलावा ते पाहतच नाही, हवा कोरडी तर माती कोरडी असे धरून चालते. हवामानाच्या मोठ्या मॉडेलांत बहुधा फार्कर आणि सहकाऱ्यांची १९८०ची समीकरणे असतात. ती पानाच्या आतली रासायनिक घडामोड मांडतात, पण पान कधी फुटेल हे त्यांना वेगळे सांगावे लागते. त्यामुळे एखादे मॉडेल ऊन पाहून सागाला मे महिन्यातच पालवी आणत असेल, तर आपल्याला ते जूनच्या पावसाआधीच सापडते. वर्षाची बेरीज बरोबर आली तरी फसू नये. मेमधला फाजील आकडा आणि ऑगस्टमधली तूट एकमेकांना झाकतात.

तपासायचे कशाशी? मोडिसचे मॉडेल पानांची हिरवळ उपग्रहाकडूनच घेते. त्याला पुन्हा त्याच हिरवळीच्या नकाशाशी ताडणे म्हणजे ज्या गाइडवरून कॉपी केली, त्याच गाइडने पेपर तपासणे. वेगळा साक्षीदार हवा. एक म्हणजे मनोऱ्यावरची मोजणी. आपल्यासारख्या सागाच्या पानगळी जंगलात मध्य प्रदेशातल्या बैतूलला असा मनोरा आहे. पण तोही प्रकाशसंश्लेषण थेट मोजत नाही. हवेतून कार्बन डायऑक्साइड वरखाली किती झाला ते मोजतो आणि रात्रीच्या श्वसनावरून दिवसाचे श्वसन अंदाजून हिशेब लावतो. ‘निरीक्षण’ या शब्दापुढे वहीत एक छोटे प्रश्नचिन्ह काढून ठेवावे. दुसरा साक्षीदार हरितद्रव्याची मंद लाल झळाळी: शोषलेल्या प्रकाशाचा एखाद-दुसरा टक्का पान परत सोडते. २०१४मध्ये सोडलेला ओसीओ-२ उपग्रह आणि २०१७मध्ये गेलेले ट्रोपोमी उपकरण ती टिपतात.

मॉडेलचा आणि साक्षीदाराचा आलेख शेजारी मांडले की सहसंबंध ०.९ निघतो आणि माणूस हरखतो. थांबावे. आपल्याकडे मेमध्ये खाली आणि ऑगस्टमध्ये वर जाणारी कुठलीही गोष्ट घ्या, बडोद्याच्या मांडवीतल्या छत्र्यांची विक्री घ्या, ती झाडांशी छान जुळेल. म्हणून प्रत्येक हप्त्यातून त्या हप्त्याची अनेक वर्षांची सरासरी वजा करावी आणि उरलेल्या चढउतारांची जुळणी पाहावी. इथे २०१८ आणि २०१९ ही जोडी हाताशी आहे: एक वर्ष गुजरातला तुटपुंज्या पावसाचे, दुसरे भरघोस. २०१९मध्येही नुसती बेरीज घेऊ नये. ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस कोसळला आणि त्यातला बराचसा विश्वामित्री नदीने वाहून नेला. मातीत मुरला नाही तो पाऊस मॉडेलने झाडांना पाजला आहे का, ते बघावे.

गव्हाचे शिवार खरी गंमत दाखवते. जानेवारीत हवा कोरडी, म्हणून मोडिसचे मॉडेल हात आखडते. कालव्याचे पाणी त्याला माहीत नाही आणि गहू तर तरारलेला. झळाळीचा आलेख वर, मॉडेलचा खाली. असा फरक दरवर्षी एकाच बाजूला पडला तर तो योगायोग नव्हे. वहीत ‘सिंचन नाही’ असे कारण लिहावे, नुसता चुकीचा आकडा नाही.

हवामानबदलाची पायरी शेवटी. कार्बन डायऑक्साइड १९५९मधल्या ३१६ पीपीएमवरून २०२४मध्ये ४२४च्या घरात गेला. मोडिसच्या मॉडेलात या वाढीचा थेट परिणाम धरलेलाच नाही, तेव्हा त्याच्याकडून तो कल मागू नये. इतर मॉडेले दोनदा चालवलेली मिळतात: एकदा फक्त हा वायू वाढवून, एकदा हवामानासह. दोन्हींची वजाबाकी करावी, म्हणजे हवामानाचा परिणाम वेगळा निघतो. कपाशी, गहू, तूर यांना वाढत्या वायूचा फायदा होतो. मका-बाजरीची जात निराळी, त्यांना पाणी पुरेसे असताना फारसा होत नाही. मॉडेलने दोन्हींना सारखीच वाढ दिली असेल, तर पंचमहालच्या मक्याचा त्याचा भविष्यकाळ बाजूला ठेवावा.

चुका सापडल्या म्हणून आकडे लगेच दुरुस्त करू नयेत. करायचेच तर दोन वर्षे आधीच अलग काढून ठेवावीत आणि दुरुस्त मॉडेल फक्त त्यांच्यावर चालवावे. आणि येत्या मेपासून जांबुघोड्यात एकाच जागी उभे राहून दर आठवड्याला मोबाइलवर एक फोटो काढावा. सागाला पहिले पान कुठल्या तारखेला आले, ते वहीत हवे.