काव्हूर : इटलीच्या एकीकरणाचा मुत्सद्दी

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे महाराष्ट्राला परकी नाहीत. सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणले. ते १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. परंतु त्यांच्या बरोबरीचा काव्हूर मात्र आपल्याकडे उत्तरपत्रिकेबाहेर क्वचितच भेटतो. मॅझिनीची हद्दपारी किंवा गॅरिबाल्डीचे रणांगण त्याच्या वाट्याला आले नाही. त्याचे रणांगण म्हणजे कचेरीतील मेज!

१८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर इटली हे नकाशावरचे नुसते नाव उरले होते. लोंबार्डी व व्हेनिशिया ऑस्ट्रियाकडे, मध्यभाग पोपकडे, तर नेपल्स व सिसिली बूर्बों राजाकडे होते. पीडमाँटने १८४८-४९ साली ऑस्ट्रियाशी झुंज दिली. पण नोव्हाराच्या पराभवाने सर्व आशा मावळल्या. बळ आणि मित्र असल्यावाचून ऑस्ट्रिया हटणार नाही, हा धडा काव्हूरने घेतला.

१८५२ साली पंतप्रधान होताच त्याने रेल्वे, व्यापार व सैन्य यांकडे लक्ष पुरविले. १८५५ साली क्रिमियन युद्धात सैन्य धाडून त्याने १८५६ च्या पॅरिस परिषदेत जागा मिळविली आणि इटलीचा प्रश्न युरोपपुढे मांडला. १८५८ साली प्लोंबिएर येथे तिसऱ्या नेपोलियनशी गुप्त बोलणी झाली. १८५९ साली मॅजेंटा व सोल्फेरिनो येथे विजय मिळाले. पण नेपोलियनने परस्पर तह केला आणि पदरात केवळ लोंबार्डी पडली. संतापून काव्हूरने राजीनामा दिला.

१८६० च्या जानेवारीत तो परतला. मध्य इटलीतील राज्ये सार्वमताने पीडमाँटला मिळाली. मात्र त्याची किंमत म्हणून सॅव्हॉय व नीस फ्रान्सला द्यावे लागले. नीस ही गॅरिबाल्डीची जन्मभूमी! हा घाव तो कधीच विसरला नाही. तरीही त्याच वर्षी सुमारे एक हजार स्वयंसेवकांसह निघून त्याने सिसिली व पुढे नेपल्स जिंकले. तो रोमवर चालून गेल्यास फ्रान्स युद्धात उतरेल, हे ओळखून काव्हूरने रोम टाळून पोपच्या प्रदेशातून सैन्य दक्षिणेस पाठविले. गॅरिबाल्डीने जिंकलेले राज्य राजा व्हिक्टर इमॅन्युएलच्या हाती सोपविले. १७ मार्च १८६१ रोजी इटलीचे राज्य घोषित झाले आणि ६ जून रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, काव्हूर निवर्तला. व्हेनिशिया १८६६ साली, तर रोम १८७० साली इटलीत आले.

एका माणसाची जन्मभूमी देऊन देश जोडणे न्याय्य होते काय? मला वाटते, फ्रान्सच्या संमतीवाचून मध्य इटली मिळणे कठीण होते. म्हणून काव्हूरला दोष देववत नाही. पण गॅरिबाल्डीचे दुःखही खोटे म्हणवत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. नव्या राज्यात शंभरांतील दोघांनाही मताचा अधिकार नव्हता. सुमारे तीन-चतुर्थांश जनतेला अक्षरओळख नव्हती. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्या इटलीत माझ्या वडिलांना मत नसते आणि मला हा लेख लिहिता आला नसता. काव्हूरने राज्ये जोडली, हे त्याचे ऋण मोठेच. पण त्या राज्यात शेतकऱ्याला आपली जागा मिळविण्याचे काम मात्र पुढच्या पिढ्यांवर राहिले.