कतारगाम ते साल्हेर : सीमेपलीकडील गिरिभ्रमण आणि सुरक्षितता

सुरतेच्या जुन्या कोटाचा कतारगाम दरवाजा ओलांडून उत्तरेस गेले की एकेकाळी शेतमळे लागत. तेथील पापडीवाचून आजही सुरतेचे उंधियू पुरे होत नाही. आता त्या मळ्यांच्या जागी हिऱ्यांचे कारखाने, यंत्रमाग आणि भरतकामाची यंत्रे दिवसरात्र चालतात. पोटापाण्यासाठी सुरतेस आलेल्या खानदेशी व बागलाणी माणसांनी उधना, लिंबायत, डिंडोली या भागांप्रमाणे कतारगाम परिसरातही बिऱ्हाडे केली. त्यांची मुले सुरतेत वाढली, गुजराती सफाईने बोलू लागली. तथापि घरात अहिराणी टिकली, आणि सुट्टी लागली की मन डोंगराकडे ओढ घेते तेही टिकले.

हा डोंगर म्हणजे बहुधा साल्हेर. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील हा किल्ला १,५६७ मीटर उंचीचा असून महाराष्ट्रातील किल्ल्यांमध्ये सर्वांत उंच आहे. राज्यातील शिखरांत केवळ कळसूबाई (१,६४६ मीटर) त्याहून उंच आहे. सुरत आणि साल्हेर यांचे नाते जुने आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर दुसऱ्यांदा स्वारी केली, तेव्हा परतीचा मार्ग बागलाणातूनच होता. १६७१ च्या आरंभी साल्हेर स्वराज्यात आला आणि १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांतही साल्हेर आहे. यामुळे तेथील वर्दळ वाढणे स्वाभाविक आहे. वाढत्या वर्दळीबरोबर अपघातही वाढावेत, असे मात्र मुळीच नाही.

१ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली. त्या दिवसापासून कतारगामहून साल्हेरला जाणारा मनुष्य एक राज्यसीमा ओलांडतो. डांगच्या जंगलातून चढणाऱ्या वाटेवर ही सीमा दिसत नाही. झाडे तीच, पाऊस तोच. डांगी बोली आणि अहिराणी यांचे साम्य इतके की वाट विचारण्यास अडचण पडत नाही. परंतु पोलीस, रुग्णवाहिका, वनखाते, हवामानाचा इशारा आणि वाहनाचा परवाना या पाचही गोष्टी त्या न दिसणाऱ्या रेषेवर बदलतात. नेमक्या याच बाबीचा विचार निघण्यापूर्वी फारच थोडे लोक करतात.

प्रस्तुत लेखकाला कतारगाममधील एका खोलीत काही तरुणांनी स्वतःचा अनुभव सांगितला. भरतकामाच्या कारखान्यात काम करणारे हे सात जण. शनिवारी बारा तासांची पाळी संपवून रात्री निघाले, रविवारी साल्हेरवाडीस पोहोचेपर्यंत ऊन चढले होते. माथ्यावर जाऊन परतीस लागले तेव्हा सूर्य कलला होता. कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर एकाचा पाय मुरगळला आणि घोट्याचे हाड मोडले. भ्रमणध्वनीला अंधुक संपर्क मिळाला. फोन करणारा घाबरून म्हणाला, 'आम्ही सुरतचे आहोत, साल्हेरला अडकलो आहोत.' ऐकणाऱ्याच्या कानी सुरत एवढेच ठसले. जिल्हा कोणता, तालुका कोणता, पायथ्याचे गाव कोणते, हे उमगेपर्यंत बॅटरी संपली. अखेरीस गावातील माणसांनी घोंगडीची झोळी करून त्याला अंधारात खाली आणले. त्या गावकऱ्यांची नावेही या मुलांनी विचारून घेतली नव्हती, याची खंत त्यांना अद्याप वाटते.

या प्रसंगात दोष कुणाच्या धैर्याचा नव्हता. माहितीचा अभाव होता.

आपत्कालीन क्रमांक ११२ हा देशभर एकच आहे आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. मात्र क्रमांक एक असला तरी फोन उचलणारे केंद्र एक नसते. सीमेवर फोन कोणत्या मनोऱ्याला लागेल, त्यावर तो गांधीनगरच्या राज्यात जाईल की मुंबईच्या, हे ठरते. म्हणून पहिल्याच वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव या क्रमाने ठिकाण सांगावे. 'महाराष्ट्र, जिल्हा नाशिक, तालुका बागलाण, गाव साल्हेरवाडी, किल्ल्याच्या वाटेवर' हे शब्द निघण्यापूर्वी प्रत्येकाने पाठ करावेत. आपण कोठून आलो हे सांगण्याची त्या वेळी काहीच आवश्यकता नसते. याच्या उलट बाजूही ध्यानात ठेवावी. घरी काळजीत पडलेल्या आईने कतारगामहून ११२ फिरविला तर तो गुजरातच्या केंद्रात लागेल. तेव्हा बागलाणच्या संबंधित पोलीस ठाण्याचा आणि नाशिक जिल्हा नियंत्रण कक्षाचा पूर्ण क्रमांक घरात लिहून ठेवणे हाच खरा उपाय होय. उपचारांच्या बाबतीतही आधी विचार हवा. साल्हेरहून मुल्हेर, ताहराबाद, सटाणा अशी एक वाट आहे, तर डांगच्या बाजूने आहव्याचे शासकीय रुग्णालय आहे. कोणत्या बाजूने उतरलो तर कोठे जायचे, हे सकाळीच ठरवावे. आयुष्मान भारत योजनेचे कार्ड दुसऱ्या राज्यातील योजनेशी संलग्न रुग्णालयातही चालते. ते घरी कपाटात ठेवून जाऊ नये.

आता वाहनाविषयी. या विषयावर थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण गडावरील कड्यांपेक्षा गडापर्यंतच्या रस्त्याने अधिक घरे उजाड केली आहेत. ७ जुलै २०२४ रोजी सापुताऱ्याच्या घाटात सुरतेकडे परतणारी खासगी बस दरीत कोसळली आणि दोन बालके प्राणास मुकली. २ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच परिसरात त्र्यंबकेश्वरहून गुजरातकडे निघालेल्या यात्रेकरूंची बस पहाटेच्या अंधारात दरीत गेली. सप्तशृंगगडाच्या घाटात जानेवारी २००८ मध्ये झालेला अपघात तर नाशिक जिल्हा विसरू शकत नाही. चाळीसहून अधिक भाविक त्यात दगावले. पावसाळा असो वा कोरडा हिवाळा, घाट तोच आहे आणि पहाटे चालकाच्या डोळ्यांवर येणारी झोपही तीच आहे.

कतारगामहून निघणारे गट पैसे वाचविण्यासाठी पुष्कळदा कारखान्याचा माल वाहणारा टेम्पो ठरवितात. मागे सतरंजी अंथरली, भजनाची पेटी ठेवली की प्रवास सुरू. मालवाहू वाहनात माणसे नेणे कायद्याने निषिद्ध आहे, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळविताना त्या कुटुंबास वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने नेल्यासही तोच प्रश्न उभा राहतो. प्रवासी वाहनास दुसऱ्या राज्यात जाण्याचा परवाना आहे का, कर भरला आहे का, हे विचारण्यास संकोच वाटू नये. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे चालकाची विश्रांती. जो दिवसभर यंत्रावर उभा होता त्याने रात्रभर गाडी चालवू नये, आणि जो रात्रभर गाडीत जागला त्याने सकाळी साल्हेर चढू नये. पायथ्याच्या गावात एक रात्र मुक्काम करण्याचा खर्च फारसा नसतो. गावातील कुटुंबालाही चार पैसे मिळतात.

रस्त्यावर अपघात दिसल्यास मदतीस कचरू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १३४ क या कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. चोरी वा मारहाण झाली आणि 'ही हद्द आमची नव्हे' असे उत्तर मिळाले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्दीचा विचार न करता तक्रार नोंदविता येते, हे नम्रपणे निदर्शनास आणावे.

हवामानाचे अंदाज जिल्हावार निघतात. डांगचा अंदाज अहमदाबादच्या केंद्राकडून, नाशिकचा मुंबईच्या केंद्राकडून. सीमेवरील गडासाठी दोन्ही पाहावे. डांगमध्ये पाऊस प्रचंड पडतो आणि अंबिका, पूर्णा, खापरी या नद्यांचे पाणी पाहता पाहता फरशीपुलांवर चढते. वर पाऊस पडत असता खाली ऊन असू शकते. वघईजवळील गिरा धबधब्यापाशी छायाचित्रासाठी ओल्या खडकावर उतरणाऱ्यांना हे कोणी सांगावे! वीज हे आणखी एक संकट. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिद्ध केलेले 'दामिनी' उपयोजन भ्रमणध्वनीवर मिळते. ते नसले तरी एक खूण पुरेशी आहे : वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही लागत नसतील तर धोका जवळ आला आहे, माथा ताबडतोब सोडावा. साल्हेरच्या माथ्यावरील परशुरामाचे छोटे मंदिर हे श्रद्धेचे स्थान आहे; विजेपासूनचा निवारा नव्हे.

कड्यांवरील आग्या मोहोळाखाली धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरड टाळावी. माश्या उठल्याच तर डोके व तोंड कापडाने झाकून, कड्याची बाजू सोडून दूर जावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या भागात आढळतात. पैकी फुरसे लहान असल्यामुळे दगडाखाली सहज नजरेआड राहते. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. दंश झालेला अवयव हलू न देता, रुग्णास न चालविता, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. चैत्रात सप्तशृंगीच्या पदयात्रेस जाणाऱ्यांनी दुपारचे चालणे टाळावे आणि रात्री रस्त्याच्या कडेने चालताना पाठीवर चमकती पट्टी लावावी.

एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली बरी. महाराष्ट्रात शिरल्यावर बाटली विकत घेऊन गडावर नेणारे काही महाभाग आहेत. कातळाच्या पायऱ्यांवर नशेतला पाय काय करील ते सांगावयास नको. उरलेली बाटली घेऊन परत निघाले तर पुढे गुजरातचा दारूबंदी कायदा आहे.

सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तेथील शिक्षकांनी, तसेच बागलाणातील शाळांनीही, नकाशावाचनाचा एक तास या विषयास द्यावा असे सुचवावेसे वाटते. मुलांना फळ्यावर सीमारेषा काढू द्यावी, सुरतेपासून साल्हेरपर्यंतचे तालुके ओळीने सांगू द्यावेत, आणि नंतर घरी ठेवण्याची चिठ्ठी लिहून घ्यावी. वडील किंवा भाऊ डोंगरावर निघाले की ही चिठ्ठी मुलाने त्यांच्यापुढे धरावी. मजकूर साधारण असा :

'आम्ही सहा जण साल्हेर किल्ल्यावर जात आहोत. राज्य महाराष्ट्र, जिल्हा नाशिक, तालुका बागलाण. चढण्याचे गाव साल्हेरवाडी, उतरण्याचे गावही तेच. मुक्काम कोणाकडे, त्यांचा फोन. गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव. सोबत कोण कोण, कोणास कोणते औषध चालू आहे. दुपारी तीनला माथा सोडणार. रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर आधी मुक्कामाच्या घरी फोन करावा, मग खाली लिहिलेल्या बागलाणच्या पोलीस ठाण्यास. सकाळपर्यंत वाट पाहू नये.'