उलट चालताना वॉचपॉइंट का चकतो?

प्रश्न : आमच्या सी भाषेतल्या प्रकल्पात एका लोकल व्हेरिएबलची व्हॅल्यू मध्येच बिघडते. कोण बिघडवतं ते शोधायला मी जीडीबीमध्ये सॉफ्टवेअर वॉचपॉइंट लावला आणि प्रोग्रॅम उलट चालवला. तो फंक्शनच्या सुरुवातीच्या महिरपी कंसापाशी थांबला आणि व्हॅल्यू बदलल्याचं सांगू लागला. तिथे तर त्या व्हेरिएबलला कुणी हातही लावलेला नाही! चूक माझी की डीबगरची?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुमच्या वर्णनावरून तरी चूक डीबगरची दिसते. जीडीबीमध्ये अशी त्रुटी होती आणि पुढे ती दुरुस्तही झाली. ती का होती हे समजून घेण्यासारखं आहे, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

प्रोसेसरला मागे चालता येत नाही. जीडीबीच्या 7.0 या आवृत्तीत, 2009 साली, उलट चालण्याची सोय आली ती नोंदींच्या जोरावर. 'रेकॉर्ड' सुरू केलं की प्रत्येक इन्स्ट्रक्शन चालण्याआधी, ती जी रजिस्टरं आणि जी मेमरी बदलणार आहे त्यांच्या आधीच्या व्हॅल्यू डीबगर टिपून ठेवतो. 'रिव्हर्स-कंटिन्यू' म्हटलं की त्या एकेक करून परत जागेवर ठेवतो. म्हणजे मागे जाताना तुमचा प्रोग्रॅम चालतच नसतो. डीबगर त्याची मेमरी आणि रजिस्टरं पूर्वीसारखी करत असतो.

वॉचपॉइंटची पहिली अडचण इथेच सुरू होते. इंटेलच्या 80386 पासून प्रोसेसरमध्ये चार पत्त्यांवर पहारा ठेवण्याची सोय आहे. त्या पत्त्यावर प्रोग्रॅमने काही लिहिलं की प्रोसेसर स्वतःच थांबतो. पण नोंदी उलगडताना लिहिणारा असतो डीबगर, त्यामुळे हा पहारेकरी जागा होत नाही. मग नोंदी उलगडणाऱ्या कोडलाच प्रत्येक वेळी विचारावं लागतं, की आत्ता बदललेल्या पत्त्यावर वॉचपॉइंट होता का. ही तपासणी वेगळी लिहावी लागली, आपोआप मिळाली नाही.

तुमचा वॉचपॉइंट मात्र सॉफ्टवेअरचा आहे. त्यात डीबगर एक इन्स्ट्रक्शन मागे जातो, व्हेरिएबलची व्हॅल्यू नव्याने काढतो, आधीच्या व्हॅल्यूशी ताडून पाहतो आणि फरक दिसला की थांबतो. 'नव्याने काढतो' हे शब्द लक्षात ठेवा, कारण गोम तिथेच आहे.

लोकल व्हेरिएबल स्टॅकवर असतं. त्याचा पत्ता बऱ्याचदा 'आरबीपी रजिस्टरपासून इतके बाइट खाली' अशा रीतीने दिलेला असतो. फंक्शनच्या सुरुवातीच्या दोन-तीन इन्स्ट्रक्शन, ज्यांना प्रोलॉग म्हणतात, जुना आरबीपी स्टॅकवर ठेवतात, त्यात नवा पत्ता भरतात आणि व्हेरिएबलांसाठी जागा मोकळी करतात. हे पार पडल्यावरच तुमच्या व्हेरिएबलच्या पत्त्याला अर्थ येतो. शेवटी एपिलॉगमध्ये हीच मांडणी मोडली जाते.

सरळ चालताना धोका असतो तो एपिलॉगमध्ये. आरबीपी पूर्ववत झालेला असतो, पण शेवटची 'रिट' इन्स्ट्रक्शन अजून बाकी असते. त्या क्षणी व्हेरिएबल वाचलं तर कॉल करणाऱ्या फंक्शनच्या जागेतलं भलतंच काही हाती येतं. जीडीबीला हे आधीपासून ठाऊक होतं. फ्रेम, म्हणजे फंक्शनची स्टॅकवरची ही मांडणी, मोडली असेल तर वॉचपॉइंटची तुलनाच करायची नाही, अशी अट त्यात होती. उलट जाताना हीच स्थिती प्रोलॉगमध्ये येते. 'आरबीपीत नवा पत्ता भरा' ही इन्स्ट्रक्शन मागे फिरली की रजिस्टरमध्ये कॉल करणाऱ्याचा पत्ता येतो. पीसी, म्हणजे पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता, मात्र अजून तुमच्याच फंक्शनमध्ये असतो, म्हणून डीबगरला सगळं ठीक वाटतं. तो चुकीच्या पत्त्यावरून व्हॅल्यू वाचतो, ती वेगळी निघते आणि तो ठामपणे सांगतो, की व्हेरिएबल बदललं. पहारा एका दारावर होता, दुसऱ्या दारावर नव्हता.

दुरुस्ती सांगायला सोपी आहे. दिशा उलट असेल आणि पीसी फंक्शनची सुरुवात ते प्रोलॉगचा शेवट यांच्या दरम्यान असेल, तर तुलना टाळायची. पण एवढ्यावर थांबणं मला बरोबर वाटत नाही. फंक्शन संपल्यावर वॉचपॉइंट काढून टाकता यावा म्हणून जीडीबी परतीच्या पत्त्यावर एक अदृश्य ब्रेकपॉइंट लावतो. मागे जाताना फंक्शनमधून बाहेर पडायची वाट 'कॉल' इन्स्ट्रक्शनवरून जाते, आणि परतीचा पत्ता त्या वाटेवर लागतच नाही. म्हणून अशी त्रुटी हाती घेतली, की आधी-नंतर गृहीत धरणारी आसपासची प्रत्येक ओळ दोन्ही दिशांनी वाचावी. चाचणीही तशीच हवी. लहानसा प्रोग्रॅम घ्यायचा, व्हेरिएबलला तीन-चार वेळा व्हॅल्यू द्यायची, सरळ जाताना आलेले थांबे उलट जाताना उलट क्रमाने येतात का ते पाहायचं. हार्डवेअर वॉचपॉइंट चालू ठेवून एकदा, बंद करून एकदा.

एक थांबा मात्र खरा असतो, त्याला त्रुटी समजू नका. 'इंट एक्स = 5' ही ओळ उलटली की एक्समध्ये पूर्वीचा कचरा परत येतो आणि वॉचपॉइंट थांबतो, ते योग्यच आहे. तसंच, उलट जाताना जीडीबी जिला 'ओल्ड व्हॅल्यू' म्हणतो ती काळाच्या हिशेबाने नंतरची असते. आणखी एक फायद्याची गोष्ट : एक्स86 वर सरळ जाताना थांबा लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या पुढे येतो, उलट जाताना थेट त्या इन्स्ट्रक्शनवरच. गुन्हेगार समोरच उभा!

मोझिलात जन्मलेल्या 'आरआर' या साधनाने वेगळी वाट धरली आहे. मागे जायचं म्हटलं की ते आधीच्या चेकपॉइंटवर जाऊन प्रोग्रॅम पुन्हा सरळ चालवतं आणि वॉचपॉइंट शेवटचा कुठे लागला ते लक्षात ठेवतं. प्रोसेसर खरोखर चालत असल्याने त्याची पहाऱ्याची सोयही वापरता येते. मोठ्या प्रोग्रॅमसाठी मी हेच सुचवेन, कारण जीडीबीचं रेकॉर्ड फार संथ आहे आणि त्याच्या नोंदींची मर्यादा मुळात 200000 इन्स्ट्रक्शनची आहे.

तुमचं काम अडलं असेल तर आधी जीडीबीची नवी आवृत्ती घ्या. ते जमत नसेल तर व्हेरिएबल नीट दिसत असताना, म्हणजे प्रोलॉग संपल्यानंतर, 'वॉच'ला 'लोकेशन' हा पर्याय जोडून वॉचपॉइंट लावा. त्याने पत्ता एकदाच ठरतो आणि आरबीपी बदलला तरी हलत नाही. फक्त फंक्शनच्या अलीकडे गेल्यावर तीच स्टॅकची जागा दुसरं फंक्शन वापरत असेल, आणि तिथेही थांबा येईल. तो आला की 'बॅकट्रेस' बघा. तुमचं फंक्शन त्यात नसेल तर तो थांबा तुमच्या व्हेरिएबलचा नाही.